ताटलीच्या पाठीवर

ग्रिट लुथार्ट माझ्या वर्गात आली तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या डाव्या कानामागे टाक्यांची एक आडवी खूण होती.

"कशाची गं?" मी विचारलं.

"वाडग्याची, बाई."

"पडलीस?"

"नाही. वाडगा पडला. मी मध्ये होते."

एखाद्याला पत्ता सांगावा तसं तिनं सांगितलं आणि पाटी काढून बसली.

आमचं गाव थुरिंगियाच्या जंगलातलं. गावात कारखाना एकच, चिनीमातीच्या भांड्यांचा, आणि दोनशे वर्षं गाव त्याच्यावरच जगलं. कड वाकलेला, डाग पडलेला माल कामगारांना फुकट मिळायचा. त्यामुळे कुठल्याही घरात पन्नास-साठ ताटल्या सहज असायच्या आणि एखादी फुटली तर कुणी हळहळायचं नाही. दुसऱ्या गावांत नवरा-बायको भांडले की दारं आपटतात. आमच्याकडे ताटल्या आपटायच्या. आमच्या लोकांची आणखी एक सवय म्हणजे ताटली हातात आली की आधी ती उलटी करून पाठीवरचा शिक्का बघायचा. लग्नाच्या जेवणात, दवाखान्यात, परगावच्या हॉटेलात, कुठंही. माझे यजमान वेर्नर तर एकदा सूप वाढलेली ताटली उलटी करायला निघाले होते.

ग्रिटचे वडील भट्टीवर होते. आई रेनाटे रंगशाळेत कपांवर फुलं काढायची. वडील प्यायले की हाताला येईल ते फेकत. मग ग्रिट आणि तिच्याहून तीन वर्षांनी मोठा भाऊ हायको पलंगाखाली शिरत. मधल्या सुट्टीत ग्रिटनं मला एकदा नीट समजावून दिलं होतं. "कप फुटला तर आवाज आखूड येतो, बाई. सुपाची ताटली आधी ठक्क करते, मग तुकडे जमिनीवर थोडा वेळ गरगरतात. ते थांबले आणि आईचा आवाज आला, की झालं."

"आणि नाही आला तर?"

"तर हायको बाहेर जायचा."

हायकोचं नाक दोनदा मोडलं होतं ते त्यामुळे. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते.

तिसरीत मी 'माझा रविवार' असा निबंध घातला. बाकीच्यांनी सहल लिहिली, आजी लिहिली. ग्रिटनं आईबापांचं एका रविवारचं बोलणं शब्दन् शब्द उतरवलं होतं, शिव्यांसकट, स्वतःचं एक अक्षर न घालता. शेवटची ओळ होती: 'मग सुपाची ताटली.' आमच्याकडे एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास. मी चार दिले. खाली शेरा लिहिला, 'घरातलं असं वहीत लिहू नये.'

वही परत घेताना तिनं विचारलं, "मग कशावर लिहू?"

खोचकपणा नव्हता त्यात. तिला खरंच जागा हवी होती. मी म्हटलं, "जा, बस जाग्यावर."

शाळा संपल्यावर ती आईशेजारी रंगशाळेत बसली. हात उत्तम होता. पण फुलं काढता काढता ती टाकाऊ ताटल्यांवर वाक्यं लिहायला लागली, आजूबाजूला ऐकलेली. 'साहेब येतोय, हसा.' 'लोणी आलंय म्हणे दुकानात.' असलं. कारखान्यानं दोनदा समज दिली, नंतर काढून टाकलं. बाप वारला त्या साली ती लाइपझिशला गेली. तिथं ती ट्राममध्ये, रांगेत, जिन्यात लोकांचं बोलणं वहीत टिपायची, ताटल्यांवर लिहून भाजायची आणि मग माणसं जमवून म्हणायची, वाचा आणि फेका. फुटल्याचा आवाज यंत्रावर धरून ठेवायची. वाक्यांच्या छोट्या पुस्तिका टंकून काढायची, प्रत्येकी साठ प्रती. एक मला पाठवली होती. पहिल्या पानावर हातानं लिहिलं होतं, 'बाईंना, ज्यांनी चार दिले.'

एकदा मी तिचा असा कार्यक्रम बघितला, एका जुन्या धोबीखान्याच्या चौकात. तीस-चाळीस जण. ती भिंतीला पाठ लावून उभी, डोळे मिटलेले, हातात ध्वनिग्राहक. लोक तिच्या दोन्ही अंगांना ताटल्या फेकत होते. सुरुवातीला लाजत, मग जोर चढत गेला. चष्मा लावलेला, दिसायला ग्रंथपालासारखा एक माणूस नंतर नंतर ओरडून फेकायला लागला. एक तुकडा उडून तिच्या दंडात घुसला. रक्त कोपरापर्यंत आलं तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

"अगं डोळे तरी उघडे ठेव!" नंतर पट्टी बांधताना मी ओरडले.

"डोळे उघडले की ऐकू कमी येतं, बाई."

"एखाद्या दिवशी मरशील."

"लहानपणीच मरायची होते," ती म्हणाली आणि हसली. समोरचा एक दात तिचा किंचित तिरका होता. हसताना तो आधी दिसायचा.

आमचा देश दुभंगणारी भिंत पडली, दोन देश एक झाले, आणि वर्षभरात आमचा कारखाना बंद व्हायला लागला. एकेक भट्टी थंड पडली. ग्रिट एक्क्याण्णवच्या वसंतात परत आली ती त्यासाठीच. बंद पडणाऱ्या कारखान्याचे आवाज तिला हवे होते. ती चोवीस वर्षांची होती. हायको सत्तावीसचा, भट्टीवरून कमी केलेला, डोकं गुळगुळीत भादरलेलं, संध्याकाळी पुलावर आपल्यासारख्यांच्या घोळक्यात, परदेशी लोकांनी आमचं काम खाल्लं म्हणणाऱ्यांच्या. ऑक्टोबरात त्याचं लग्न ठरलं होतं, रंगशाळेतल्या आंकेशी. आंके शांत, रुंद खांद्यांची मुलगी. ताटल्यांच्या कडेला सोनेरी रेघ मारणाऱ्या दोघींपैकी एक.

दुसरी ह्वे. व्हिएतनामची. तिच्या देशातल्या चाळीस बाया कराराने आमच्या कारखान्यात आल्या होत्या आणि गल्लीच्या टोकाच्या वसतिगृहात राहायच्या. ह्वेला फिरत्या चाकावर एका दमात रेघ मारता यायची, सुरुवात कुठं आणि शेवट कुठं ते भिंगातूनही दिसायचं नाही. आंके सहा वर्षं तिच्या शेजारी बसली होती. जेवणाच्या सुट्टीत दोघी एकमेकींच्या डब्यातलं खात आणि एकमेकींच्या खाण्याला नावं ठेवत.

सप्टेंबरातला रविवार होता. प्रार्थना संपून लोक घरी परतत होते. मी बटाट्याचे गोळे उकळत्या पाण्यात सोडले होते आणि वेर्नरला बोलवायला खाली आले. आमच्याकडे रविवारी गोळे असतातच. वीस मिनिटं मंद आचेवर ठेवायचे. जास्त राहिले तर पाण्यात फुटतात आणि सगळ्याची पेज होते.

गल्लीत गर्दी होती. वसतिगृहासमोर वीस-पंचवीस पोरं होती. बाहेरून आली होती, असं नंतर सगळे म्हणाले. सात-आठ बाहेरची होती. बाकीच्यांना मी मुळाक्षरं शिकवली होती.

त्यांनी रस्त्याचे चौकोनी दगड पहारीनं उचकटून काढले होते. ते कमी पडले तेव्हा कारखान्याच्या उकिरड्यावरून टाकाऊ ताटल्यांचे गठ्ठे आणले. ताटली आडवी फेकली की पाखरासारखी तरंगत जाते आणि काचेत शिरते. खाली उभे असलेले आमचे शेजारी प्रत्येक खिडकीला टाळ्या वाजवत होते. खाटीक रुडीनं दारूच्या बाटल्यांची पेटी बाहेर आणून ठेवली. टपालवाली हिल्डे सायकल धरून म्हणत होती, "रस्त्यावर काचा पाडू नका रे, माझं चाक फुटेल." दोन पोलीस कोपऱ्यावर गाडीत बसून होते. आत बायका किंचाळत नव्हत्या. आतून फक्त कपाटं सरकवल्याचा आवाज येत होता. दारात एक चिंधी पेटवून फेकली, ती विझली. दुसरी फेकली, ती पेटली. वरून कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं आणि तिच्या दिशेनं एकदम दहा दगड गेले.

ग्रिट गर्दीच्या मधोमध उभी होती. ध्वनिग्राहक वर धरलेला. डोळे मिटलेले.

पहिल्या मजल्यावर एक लाकडी झडप उघडी राहिली होती. ती ओढून घ्यायला एक हात बाहेर आला. मग चेहरा दिसला. ह्वे होती. हायकोनं दगड एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, वजन अजमावलं आणि मागं वळून म्हणाला, "पहिल्या मजल्यावरची ती माझी. बघा आता."

दगड तिच्या हातावर बसला. हात चौकटीवर चेचला गेला. झडपेवर लाल पंजा उमटला आणि तिथंच घसरत खाली गेला. तेव्हा मात्र एक किंकाळी आली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नाही. पण थांबाही कुणी म्हटलं नाही.

मी वेर्नरचा हात धरला. "वेर्नर, घरी चल. गोळे फुटतील."

आम्ही घरी गेलो आणि जेवलो. गोळे फुटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बायांना बसमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी एका व्यायामशाळेत हलवलं. ह्वे दवाखान्यात होती. उजव्या हाताची हाडं अकरा ठिकाणी मोडली होती. आणखी दोन शस्त्रक्रिया लागणार होत्या. पण करार संपलेल्या सगळ्या बायांना ऑक्टोबरअखेरच्या विमानानं परत पाठवायचं ठरलं. खटला उभा राहिला तर ह्वेला इथं ठेवता येईल, हाताचं करता येईल, असं तिचा डॉक्टर म्हणाला. खटल्यासाठी दगड कुणी मारला हे डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस हवा होता. गल्लीत दीडशे माणसं होती. पोलिसांनी घरोघर विचारलं. प्रत्येक जण आत स्वयंपाकघरात होता.

ग्रिट स्वतः चौकीवर गेली. मी ऐकते, मी ओळखते, आवाज माझ्या भावाचा होता, असं तिनं सांगितलं. अधिकाऱ्यानं विचारलं, "पाहिलंत का?"

"डोळे मिटलेले होते."

"दगडफेक चालू असताना?"

"हो."

त्यानं तिच्याकडे वेडीकडे बघावं तसं पाहिलं. "ध्वनिफीत आहे," एवढंच म्हणाली. "उद्या आणून देते."

ती घरी गेली तेव्हा हायको टेबलाशी बसला होता. हे मला रेनाटेनं पुढं सांगितलं. त्यानं आधी शांतपणे विचारलं, "कुठाय फीत?"

"नाही देणार."

"ग्रिट, तुझ्यासाठी मी दोनदा नाक मोडून घेतलंय."

"माहितीय मला. दोन्ही वेळचे आवाज आठवतात."

"मग?"

"मग तिनं काय केलं होतं तुझं?"

त्यावर त्यानं तिला मारलं. पहिल्या ठोशात तो तिरका दात गेला. ती पडली तशी त्यानं बुटानं बरगड्यांवर लाथा घातल्या. रेनाटे मध्ये पडली तर तिला फळीवर ढकललं आणि सगळ्या ताटल्या दोघींच्या अंगावर कोसळल्या. मग त्यानं यंत्र भिंतीवर आपटलं, फिती शोधून काढल्या, दाताखाली धरून एकेक ओढून काढली आणि चुलीत घातली. आठही. बापासारखा दिसत होता, रेनाटे म्हणाली, फक्त प्यायलेला नव्हता.

संध्याकाळी ग्रिट माझ्या दाराशी उभी. ओठ फाटलेला, एक डोळा बंद. "बाई, काही दिवस राहू?"

ती तीन आठवडे राहिली. बरगड्यांमुळे तिला आडवं होता यायचं नाही. खुर्चीत बसून झोपायची. फीत जळली होती, पण ती त्या रविवारी दुपारीच तिनं ऐकून वहीत उतरवून ठेवली होती, तिची जुनी सवय. बापाच्या एका जुन्या सोबत्यानं कारखान्यातली नमुन्यांची छोटी भट्टी तिच्यासाठी पेटवली. माझ्या स्वयंपाकघरात बसून ती निळ्या रंगानं ताटल्यांवर लिहायची. मला दिसू द्यायची नाही. कडेला पोचलं की कोपर आडवं धरायची, तिसरीत धरायची तसंच.

एकदा कुंचला धूत तिनं विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत?"

"गर्दी होती गं."

"हो," ती म्हणाली. "गर्दी होती."

मी तिला सूप दिलं. मला हायकोचा विचार येत होता. तो अकरा वर्षांचा असताना बहिणीचा डबा पोचवायला माझ्या वर्गाच्या दारात यायचा. आंकेचा विचार येत होता. स्वतःचाही येत होता. आम्हाला ह्याच गल्लीत म्हातारं व्हायचं होतं. हे सगळं मी मनात घोळवत असताना ग्रिटनं एकेचाळीस ताटल्या भाजून काढल्या.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या देशात नवरीच्या दाराशी भांडी फोडायची रीत आहे. आमच्या गावात ती जरा जोरातच चालते. बोलावणं लागत नाही. ज्याच्या हातात भांडं आहे त्याला दारातून परत पाठवता येत नाही, वैरी असला तरी. काच फोडायची नाही, अपशकुन. फक्त चिनीमाती. आणि सगळं फुटून झालं की नवरा-नवरीनं मिळून एका झाडूनं, एका सुपलीनं सगळे तुकडे भरायचे. तो संसाराचा पहिला केर.

शुक्रवारी पाचच्या सुमाराला आंकेच्या दारात सगळी गल्ली जमली होती. ऊन कलतं होतं. अंगणात तुकड्यांचा घोट्याएवढा थर झालेला. खाटीक रुडी न्हाणीतला चिनीमातीचा टबच फोडायला घेऊन आला होता, त्यावरून हशा चालला होता. तेवढ्यात ग्रिट हातगाडी ढकलत आली. डोळ्याभोवती हिरवं-पिवळं अजून होतं. वेर्नर आणि मी तिच्या मागं होतो.

हायको पुढं झाला. "तू कशाला आलीस?"

"बहीण आलीय भांडी घेऊन. रीत आहे," आंके त्याला म्हणाली. ग्रिटला मार कशापायी पडला ते आंकेला माहीत नव्हतं. हायकोनं तिला सांगितलं होतं, बापाच्या घरावरून वाजलं. दगड बाहेरच्या पोरांनी मारला, असंही सांगितलं होतं. "ये गं ग्रिट. पुष्कळ आणल्यास की!"

"घ्या ज्याला हवी ती," ग्रिट म्हणाली.

ताटल्या साध्या पांढऱ्या होत्या. लोकांनी हात घातले आणि, आमच्या गावचे लोक ते, पाठ बघायला उलट्या केल्या. शिक्क्याच्या जागी निळ्या अक्षरांत वाक्यं होती. नाव कुणाचंच नव्हतं.

'अजून एका खिडकीला काच आहे रे.'

'गार आहे का बाटली?'

'मुलांना वर घ्या, नीट दिसेल त्यांना.'

'रस्त्यावर काचा पाडू नका रे, माझं चाक फुटेल.'

हसू थांबलं. एवढ्या माणसांत नुसत्या ताटल्या एकमेकींवर घासल्याचा आवाज येत होता. ग्रिट गाडीची दांडी धरून उभी होती. ह्या खेपेला तिचे डोळे उघडे होते.

तेव्हा सगळे शहाणे असते तर हातातली ताटली, मग ती कुणाचीही असो, फोडून मोकळे झाले असते. पण खाई त्याला खवखवे. हिल्डेनं हातातली ताटली खाली ठेवली आणि गाडीत शोधायला लागली. चाकाची सापडली, ती तिनं छातीशी धरली आणि भिंतीवर आपटली. रुडीनं बाटलीची उचलली. मग रेटारेटी सुरू झाली. "सोड, माझी आहे ती!" "तुझी? तू तर घरात होतास ना?" "तू काय चर्चमध्ये होतीस?" एकमेकांची मनगटं धरून, कोपरं मारत प्रत्येक जण आपलं वाक्य शोधत होता. सापडलं की फोडत होता, आणि टाचेनं तुकड्यांची भुकटी करत होता. पोलिसांनी तीन आठवडे विचारून जे मिळालं नव्हतं ते आमच्या गल्लीनं दहा मिनिटांत दाखवून दिलं. प्रत्येकानं, आपल्या हातानं.

हायकोनं गठ्ठाच उपसला. एक बघून टाकली, दुसरी टाकली, पाचवी की सहावी हातात राहिली. त्यानं ती पालथी धरून वाचली. मी त्याच्या बाजूला होते, आंके त्याच्या खांद्याशी. 'पहिल्या मजल्यावरची ती माझी. बघा आता.' त्यानं ती ताटली गुडघ्यावर मोडली. पुढचं फार झटकन झालं. अर्धा तुकडा हातात होता तसाच तो ग्रिटवर धावला आणि तिच्या कपाळावर, भुवईपासून केसांपर्यंत, ओढला. ती गाडीवर आपटून तुकड्यांत पडली. त्यानं परत हात उचलला. रक्त डोळ्यांत गेलं तरी तिनं हात आडवा घेतला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"हायको," आंके म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण तो थांबला.

"गाडीभर ताटल्या होत्या. नाव एकीवरही नाही. ही तुझी आहे हे तुला कसं कळलं?"

"मस्करी आहे ही. तिची नाटकं. तुला माहितीय ती कशी आहे."

"ही दुसऱ्या कुणाची असती तर त्यानं शोधली असती. कुणी शोधली नाही." तिनं त्याच्या हातातला तुकडा बघितला. "सहा वर्षं मी ह्वेच्या हाताशेजारी बसले रे."

"कुणी पाहिलंय का मला?" हायको वळून सगळ्यांवर ओरडला. "आहे का कुणी? बोला ना! पाहिलंय कुणी?"

कुणी मान वर केली नाही. गाडीत एकच ताटली राहिली होती. मी ती उलटी केली. तसं करायची गरज नव्हती, मला माहीत होतं. 'वेर्नर, घरी चल. गोळे फुटतील.'

अक्षर सुरेख होतं. मी शिकवलेलं.

वेर्नर माझ्या कानाशी म्हणाला, "फोड ती आणि चल."

"मी पाहिलं," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात लागतो तसा लागला, त्याचं माझं मलाच नवल वाटलं. "चौकटीपासून वीस पावलांवर उभी होते मी. दगड तू डाव्या हातातून उजव्या हातात घेतलास, हायको."

तो माझ्याकडे आला. मला वाटलं, आता आपली पाळी. जवळून त्याचं मोडकं नाक दिसलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही सुद्धा?" आणि हातातला तुकडा टाकून तो अंगणातच खाली बसला. आंकेनं भिंतीला लावलेला झाडू घेतला, त्याच्या पुढ्यात ठेवला आणि घरात निघून गेली. तुकडे त्या रात्री कुणी भरले नाहीत.

ग्रिटला चौदा टाके पडले. सोमवारी मी चौकीवर जाऊन सही केली. माझ्या पाठोपाठ वेर्नर आला, आणि दुपारी, कुणालाही वाटलं नव्हतं अशी, टपालवाली हिल्डे. ह्वेचं विमान तिच्याशिवाय गेलं. हायकोला अडीच वर्षांची कैद झाली. आमच्या खिडकीची काच तीनदा फुटली, तिसऱ्यांदा दगडाला कागद गुंडाळलेला होता. रुडीनं मला मांस विकायचं सोडलं. दोन वर्षं आम्ही बसनं जाऊन पलीकडच्या गावातून आणत होतो. ह्वेच्या उजव्या हाताची दोन बोटं हलतात. तिनं जिल्ह्याच्या गावी स्टेशनाजवळ फुलांचं दुकान काढलं. गुच्छाची दोरी डाव्या हातानं गुंडाळते आणि गाठ दातानं ओढते. आंके तिथं गुरुवारी असते.

ग्रिटनं त्या वाक्यांची पुस्तिका काढली, साठ प्रतींची, तिच्याही मागं नावं नाहीत. लाइपझिशला ती अजून ताटल्या भाजते, पण फोडत नाही आता. रेनाटेबरोबर तुरुंगात ती भावाला भेटायला जायची, महिन्यातून एकदा. काय बोलता, असं मी एकदा विचारलं. "तो बोलत नाही. मी ऐकते," ती म्हणाली.

गेल्या वर्षी ती माझ्याकडे जेवायला आली. वेर्नर गेल्यापासून मी एकटीच असते. ती ताटली मी कपाटात, वरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. तिनं ती बरोबर शोधून काढली, टिचकी मारून पाहिली आणि टेबलावर मांडली.

"गुंडाळून काय ठेवता, बाई? ताटली आहे ती. जेवा तिच्यात."

तेव्हापासून रविवारी मी ती पाहुण्याला देते. गोळे वाढण्याआधी. आमच्या गावचा पाहुणा असेल तर तो ती उलटी करतोच. वाचतो आणि विचारतो, "हे काय लिहिलंय, बाई? कुठले गोळे?"

मग आच मंद करून मला पहिल्यापासून सांगावं लागतं.